चढाचा ताप

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. मोटर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर चार चाकांची गाडी येते, पण मी गाडी नव्हे. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या पोटात, पुढच्या दोन चाकांच्या मध्ये बसून ती चाके फिरवणारी मी मोटर. गाडी धुताना लोक काचा पुसतात, आरसे पुसतात, चाकांच्या टोप्यासुद्धा घासतात. माझ्यापर्यंत कोणाचा हात पोचत नाही. मी आवाजही फारसा करत नाही. म्हणून माझे दुखणे कोणाला ऐकू गेले नाही. जे घडले ते आठवले की अजूनही माझ्या तारा आखडून जातात.

माझा जन्म एका लांबलचक छपराच्या कारखान्यात झाला. आधी कागदासारखे पातळ पोलादी पत्रे एकावर एक रचून एक जाड कडे बनवले. त्याच्या खाचांत तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या बसवल्या. ही माझी भिंत. ती जागची हलत नाही. तिच्या आत दांड्यावर बसवलेला एक गोल गट्टू असतो, तो माझी फिरकी. आणि फिरकीच्या पोटात खाचा करून बसवलेली लोहचुंबके, तो माझा जीव.

ती बसवण्याचे काम एका बाईकडे होते. तिला सगळे ‘चिमटा’ म्हणत, कारण चुंबकांनी चिमटे काढून काढून तिच्या बोटांना घट्टे पाडले होते. एक नवी मुलगी तिच्या शेजारी उभी राहून बघत होती. चुंबकाच्या दोन वड्या तिने सहज जवळ आणल्या.

“अगं, हात मागे घे!” चिमटा ओरडली. “ही एकमेकांना बघितलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. मध्ये बोट सापडलं तर चेचलंच म्हणून समज.”

“आणि ही कधी कमजोर होतात का हो?” मुलीने विचारले.

“कायमची चुंबकं म्हणतात ना यांना. पण ताप सोसत नाहीत. माणसासारखंच आहे बघ. ताप डोक्यात गेला की कामातून गेलं.”

हे तिने हसत सांगितले. मी मात्र ते विसरले नाही.

माझे काम कसे चालते ते सांगते. बॅटरीतली वीज एकाच दिशेने वाहते. कंट्रोलर नावाची एक पेटी तिला वळण लावते आणि माझ्या तारांच्या गुंडाळ्यांत आळीपाळीने सोडते. ज्या गुंडाळीत वीज येते, ती तेवढ्यापुरती चुंबक बनते. मग तिच्या पुढची, मग तिच्याही पुढची. म्हणजे माझी भिंत जागीच असते, पण तिच्यातले चुंबकत्व गोल गोल धावत सुटते. फिरकीतली माझी चुंबके त्याच्यामागे धावतात, पावलाला पाऊल लावून, फक्त नेहमी किंचित मागे. त्या किंचित मागे राहण्यातच माझी सगळी ओढ आहे. फिरकी फिरते, फिरकीबरोबर दांडा फिरतो, दांड्यामुळे चाके फिरतात आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणता, गाडी निघाली!

माझी गाडी एका परिचारिकेच्या घरी गेली. घरोघर जाऊन आजारी माणसांना बघणे हे तिचे काम. सगळे तिला सिस्टर म्हणत, अगदी तिच्याहून वयाने दुप्पट माणसेसुद्धा. मागच्या सीटवर तिची औषधांची पेटी, मलमपट्टीचे डबे आणि तिची कधीच वेळेवर न उघडली जाणारी जेवणाची पिशवी असे. घरी तिचे सासरे होते, अण्णा. ते गाडी चालवत नसत, पण गाडी अंगणात उभी असली की तिच्यात बसून पेपर वाचत. घरातल्या खुर्चीपेक्षा ही खुर्ची बरी, असे त्यांचे म्हणणे.

उताराला लागलो की माझे काम उलटे होई. तेव्हा मी चाकांना फिरवत नसे, चाके मला फिरवत. माझी चुंबके तारांसमोरून सरसर धावत आणि तारांत वीज तयार होई. ती बॅटरीत परत जाई आणि गाडीचा वेगही आपोआप आवरला जाई. हे अण्णांना पहिल्यांदा कळले तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली.

“म्हणजे सूनबाई, आपली गाडी उताराला चरते आणि चढाला दूध देते!”

“हो अण्णा. फक्त लाथा मारत नाही.”

इतके कौतुक माझे त्यानंतर कोणी केले नाही.

तापू नये म्हणून माझ्या अंगाभोवती थंडाव्याचे पाणी खेळवलेले असते. एक छोटा पंप ते रबरी नळ्यांतून फिरवतो. त्यातल्या एका नळीला बारीक चीर पडली. पाणी थेंबाथेंबाने गळू लागले आणि सिस्टरच्या समोर एक पिवळा दिवा लागला.

“तो दिवा कसला गं?” अण्णांनी विचारले.

“बिघडला असेल एखादा सेन्सर. दाखवायला हवं एकदा. पण गाडी धावतेय ना.”

“धावतेय खरी,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी पेपरचे पान उलटले.

मित्रांनो, सिस्टर आळशी नव्हती. वर्कशॉपला जायचे ठरवले की कोणाचा तरी ताप चढे, कोणाची जखम चिघळे. दुसऱ्याचे दुखणे तिला दुरूनही दिसे. समोरचा दिवा मात्र तिच्या नजरेच्या इतक्या सवयीचा झाला की तिला तो दिसेनासा झाला. मी पाण्यासाठी व्याकूळ होत होते. सपाट रस्त्यावर निभावून नेत होते.

आमच्या गावाच्या मागे एक डोंगर आणि डोंगरापलीकडे एक अरुंद खोरे होते. खोऱ्यातून बाहेर पडायला दोनच रस्ते. एक नदीच्या काठाने, सरळ. दुसरा डोंगरावर चढत जाणारा, वळणावळणांचा आणि छातीवर येणारा. खोऱ्याच्या तळाशी मोजकी घरे होती. त्यातल्या एका घरात सिस्टरचे सगळ्यात लाडके पेशंट राहत. एक निवृत्त शिक्षिका, सगळ्यांच्या ‘बाई’, आणि त्यांचे यजमान. यजमान पूर्वी तारखात्यात होते. कट्ट-कडकट्ट वाजवून निरोप धाडण्यात त्यांची सारी नोकरी सरली, म्हणून त्यांना आजही सगळे तारमास्तर म्हणत.

बाईंच्या अंगावरून वारे गेले होते. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. तेव्हा तारमास्तरांनी त्यांना आपली ती टकटक शिकवली. बाई डाव्या हाताच्या बोटांनी पलंगाच्या फळीवर वाजवत आणि मास्तर ते शब्दांत सांगत.

“जन्मभर सरकारी तारा पोचवल्या, सिस्टर,” ते म्हणत. “आता ही मला तार करते. आणि मजकूर काय, तर चहात साखर कमी आहे!”

त्या दिवशी सिस्टर बाईंच्या पाठीच्या जखमा धुवायला गेली होती. दुपार होती. वारा गरम होता आणि गवत वाळून चुरचुरत होते. तेवढ्यात शेजारची भट्टीवाली धावत आली. तिची पावाची भट्टी होती. घरात तीन लहान मुले आणि म्हातारी सासू.

“सिस्टर, वणवा! नदीकडचा रस्ता पेटलाय. बाकीचे सगळे मघाशीच गाड्या काढून गेले. आमचे हे गावाला गेलेत. मी काय करू हो?”

नदीच्या अंगाने काळा धूर उठला होता आणि वारा तो आमच्याकडेच ढकलत होता. फोन लागत नव्हते. उरला होता फक्त डोंगराचा रस्ता, आणि उरली होती फक्त आमची गाडी.

बाईंना बसता येत नव्हते. त्यांना न्यायचे तर मागची पूर्ण सीट लागणार होती. सिस्टर दारात उभी राहून एकदा मुलांकडे, एकदा बाईंकडे बघत राहिली.

“बघत काय बसलीस?” तारमास्तर म्हणाले. “आधी लेकरं. आम्ही काय, इथंच आहोत.”

“मी परत येते, मास्तर. शपथ घेऊन सांगते.”

“शपथ नको. गाडी काढ.”

पहिली खेप अशी निघाली. पुढे सासू, मागे भट्टीवाली, तिच्या अंगाखांद्यावर तीन मुले. चढाला वेग नसतो पण जोर पूर्ण लागतो, आणि जोर म्हणजे माझ्या तारांतून सणसणत जाणारी वीज. तारा तापल्या. पंप फिरत होता, पण त्याच्यात पाण्याऐवजी निम्मी हवाच होती. मी कण्हत वर पोचले. माथ्यावर अग्निशमन दलाची गाडी येऊन थांबली होती. सिस्टरने सगळ्यांना उतरवले आणि गाडी वळवली.

“ओ बाई, खाली कुठं निघालात?” दलाचा प्रमुख आडवा आला.

“दोन माणसं राहिलीत खाली.”

“आम्ही जातो. पाण्याचा टँकर पोचू दे, मग लगेच...”

“तोवर वणवा थांबेल का?” ती म्हणाली आणि त्याच्या बाजूने गाडी काढली.

उताराला मी वीज भरत गेले, पण त्यातही माझे अंग तापतेच. मला थांबायला हवे होते. जरा वाऱ्याला उभे राहायला हवे होते. पण वाराच पेटला होता.

खाली पोचलो तेव्हा मास्तरांनी बाईंना गोधडीत गुंडाळून ओसरीत आणून ठेवले होते. दोघांनी मिळून त्यांना मागच्या सीटवर आडवे केले. मास्तर पुढे बसले. घराच्या मागचे कुंपण तडतडू लागले होते.

आणि तो चढ पुन्हा सुरू झाला.

माझ्या तारांच्या गुंडाळीत ताप मोजणारा एक छोटा सेन्सर आहे. पण फिरकी सतत फिरत असते, तिच्यातल्या चुंबकांचा ताप मोजायला तिथे कोणी नसते. कंट्रोलर फक्त अंदाज बांधतो. त्या दिवशी त्याचा अंदाज चुकत होता. माझी चुंबके त्याच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त भाजत होती. चुंबकाच्या आत अगणित सूक्ष्म भाग एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. म्हणून तर ते चुंबक असते. फार तापले की ते एकेक करून तोंड फिरवतात, आणि नंतर कितीही गार केले तरी आपण होऊन पुन्हा वळत नाहीत. ते मला आतून जाणवत होते. मी ओरडू शकत नव्हते.

चुंबक दुबळे झाले की तेवढाच चढ चढायला जास्त वीज लागते. जास्त वीज म्हणजे जास्त ताप. जास्त ताप म्हणजे चुंबक आणखी दुबळे. त्या भोवऱ्यातून सुटायला एकच मार्ग होता, थांबणे. आणि आमच्या मागून, गवत खात, आमच्याहून वेगाने आग चढत होती.

सिस्टरच्या समोर कासवाचे चित्र उजळले. कंट्रोलरने वीज आखडली होती. गाडी माणसाच्या चालीवर आली.

“चल गं बाई, चल,” सिस्टर पुटपुटत होती. तिचा पाय तळाशी टेकला होता. “अजून थोडं. चल ना!”

“काही फेकायचं का बाहेर?” मास्तरांनी विचारले.

“सगळं फेका.”

मास्तरांच्या पायाशी ठेवलेली औषधांची पेटी गेली. मलमपट्टीचे डबे गेले. पण पुढे सगळ्यात उभे वळण होते आणि तिथे मी अडले. चाके थरथरली, जागेवर राहिली, आणि गाडी बोटभर मागे सरकली. सिस्टरने ब्रेक दाबला. धुराने पुढचा रस्ता पुसून टाकला होता. मागच्या सीटवर बाईंचा श्वास घरघरत होता.

मास्तरांनी दार उघडले.

“मास्तर, काय करताय?”

“ढकलतो. माझं ओझंही कमी होईल.”

“अहो, तुमचं वय काय, ही गाडी केवढी!”

“तू पाय दाब. मी हाक दिली की दाब.” ते मागे गेले. त्यांचे तळवे माझ्या गाडीच्या पत्र्यावर टेकले ते मला कळले. “हं! दाब!”

मित्रांनो, माझ्यात जे काही उरले होते ते सगळे मी त्या एका क्षणात दिले. फिरकी हलली. चाक अर्धे फिरले, मग पुरते फिरले. गाडी वळणावरून वर सरकली.

“चालली! मास्तर, या, बसा!” सिस्टरने वेग कमी केला.

“थांबू नको!” मागून त्यांचा आवाज आला. “थांबलीस तर ती पुन्हा हलायची नाही! जा तू! मी आहे मागं!”

ती थांबली नाही. आरशात बघत, रडत, ती गाडी हाकत राहिली. मागच्या सीटवर बाईंनी डावा हात कसाबसा उचलला आणि दाराच्या पत्र्यावर बोटे वाजवू लागल्या. टक, टकटक. थांबून पुन्हा तेच. आणि मागून, गाडीच्या पाठीवर चालत्या माणसाच्या बोटांनी उत्तर आले. टकटक, टक. मग ते दूर गेले. मग आलेच नाही. बाई वाजवत राहिल्या.

“काय म्हणताय बाई? मला नाही हो कळत!” सिस्टर ओरडत होती. “मला नाही कळत!”

माथ्यावर पोचताच मी बंद पडले. सिस्टर गाडीतून उडी टाकून उलटी धावली. दलाच्या दोघांनी तिला धरून ठेवले. टँकर आला होता. मुखवटे घालून माणसे खाली गेली. त्यांना तारमास्तर रस्त्याखालच्या मोरीत सापडले. आग वरून निघून गेली होती, पण धूर त्यांच्या छातीत राहिला होता.

रुग्णालयात ते थोडेच दिवस होते. हे मला नंतर अण्णांच्या तोंडून कळले. ते वर्कशॉपमध्ये मेकॅनिकला सांगत होते. सिस्टरने बाईंचा पलंग मास्तरांच्या पलंगाला लावून घेतला होता. दोघांची बोटे दिवसभर चालू असत. एकदा सिस्टरने विचारले, “मास्तर, त्या वळणावर बाई काय म्हणत होत्या?”

“म्हणत होती, चल ना.” त्यांना धाप लागली. “मी म्हटलं, आलोच.”

त्यानंतर दोन रात्रींनी ते गेले.

वर्कशॉपमध्ये मेकॅनिकने मला उघडण्याआधी ती नळी काढून अण्णांच्या हातात ठेवली. “ही बघा. एवढीशी चीर. पाणी केव्हाच संपलं होतं.” मग त्याने माझी फिरकी बाहेरून फिरवून किती वीज निघते ते मोजले. सुई अर्ध्यावर येऊन थांबली. “चुंबकं उतरलीत. आता ही मोटर चढाच्या कामाची नाही. बदलायला लागेल.”

अण्णांनी ती नळी खिशात घातली. पेपर वाचायलाही ते पुन्हा कधी गाडीत बसले नाहीत.

सिस्टर बाईंना आपल्या घरी घेऊन आली. एका संध्याकाळी गाडी नेऊन मला बदलून आणायला माणूस आला, तेव्हा गाडी अंगणात उभी होती आणि घराची खिडकी उघडी होती. सिस्टर बाईंच्या पलंगाशी जमिनीवर बसली होती.

“बाई, दिवा लागलेला होता,” ती म्हणाली. “रोज लागत होता. मी रोज बघत होते.”

मग फळीवर बोटे वाजली. अण्णांनी तेवढ्या दिवसांत ती टकटक थोडीफार शिकून घेतली होती. ते अक्षर अक्षर जुळवत वाचू लागले.

“दु... रु... स्त... कर.” अण्णा थांबले. “दुरुस्त कर म्हणतायत, सूनबाई. पेशंट खोळंबलेत.”

सिस्टर तशीच डोळे पुसत बाहेर आली आणि तिने गाडीची किल्ली त्या माणसाच्या हातात दिली.

माझ्या जागी नवी मोटर बसली. ती आज त्याच चढावर धावत असेल. तिच्या नळ्या सिस्टर स्वतः वाकून बघते, असे ऐकले. मी तिच्यावर जळत नाही. मला मात्र ज्या आवारात आणून टाकले आहे, तिथे मोडक्या यंत्रांचा डोंगर आहे. माझ्या बाजूला कपडे धुण्याचे एक यंत्र आहे, त्याला दार नाही. सकाळी इथला मालक आणि कापणारा माझ्याजवळ उभे होते.

“हिच्यात चुंबकं असतील, मालक. उघडून काढू का?”

“कोण बसणार उघडत? पाच मिनिटांचं काम पाऊण तास चालतं. टाक लोखंडात.”

लोखंडात टाकले की मोठ्या दातांचे एक यंत्र मला चावून बारीक करील. माझी चुंबके भुगा होऊन लोखंडाला चिकटतील आणि भट्टीत जाऊन राख होतील. मित्रांनो, ती उतरली आहेत, मेलेली नाहीत. ज्या धातूची ती बनली आहेत तो धातू जमिनीतून काढायला डोंगर पोखरावे लागतात, माती आणि पाणी नासवावे लागते. मला खोलले तर त्याची नवी चुंबके होऊ शकतात. ती दुसऱ्या कोणाच्या गाडीत, दुसऱ्या कोणाला चढावर नेऊ शकतात. वेळेवर घोटभर पाणी मिळाले असते तर मी आणखी कितीतरी माणसांना वर पोचवले असते. मुकाट्याने राबणाऱ्याची चौकशी त्याच्या थांबण्याआधी करावी, एवढेच मला शिकता आले, आणि ते शिकायला एक माणूस गेला.

आता क्रेन या बाजूला वळली आहे. कपडे धुण्याचे यंत्र उचलले गेले. पुढची पाळी माझी. तुमच्यापैकी कोणी या आवाराच्या फाटकाजवळून जात असेल तर आत हाक मारा, त्या कापणाऱ्याला म्हणावे, हिला उघड. पण जोरात ओरडा. क्रेनच्या आवाजात इथे कोणाला काही ऐकू येत नाही.